पाटबंधारे खात्याचा पायगुण

२ मे १९५७, गुरुवार. सकाळी ७

हिवरडोहला रुजू झालो. नवी वही, नवी शाई, नवे आयुष्य. नोव्हेंबरात आम्ही आणि हे लोक एका राज्यात आलो, आणि त्या आनंदात खात्याने मला पुण्याहून उचलून चांदा जिल्ह्यात टाकले. सावली या गावापर्यंत मोटार, पुढे बैलगाडी. हुद्दा ज्युनियर क्लार्क, काम इथल्या मोठ्या तलावाची देखरेख. लोक तलावबाबू म्हणतात. मला वाटले लाडाने. बाबू म्हणजे इकडे कारकूनच.

निश्चय: एक, ऑगस्टच्या आत पुण्याला परत ट्रान्सफर. दोन, मासे खाणार नाही, काहीही झाले तरी. तीन, रोज एक तास इंग्रजी. चार, गावावर छाप.

पहिल्या निश्चयाचे कारण लिहून ठेवतो. दामले मास्तरांनी स्वच्छ सांगितले आहे की पुण्याची ऑर्डर दाखवा आणि वत्सलेशी लग्न करा, मुलगी जंगलात देणार नाही. वत्सला तेव्हा दाराआड होती. बांगड्या वाजल्या. म्हणजे तिला वाईट वाटले असणार. पुण्याच्या ऑफिसात जुलैत एक जागा रिकामी होते आहे. साहेबांचा एक चांगला रिमार्क पडला की ती माझी.

इंग्रजी उद्यापासून. आज प्रवासाचा शीण.

४ मे, शनिवार

कामाला हात घातला. तलाव पाहायला जाणार होतो, पण ऊन फार. शिवाय अधिकाऱ्याने प्रत्येक ठिकाणी स्वतः जायचे नसते. चपराशी लटारूला विचारले, पाणी किती? वय पन्नाशीचे, जन्म इथलाच, त्याला माहीत असणार. म्हणाला, "पानी आटून राह्यलं, बाबू."

रजिस्टरात शुद्ध भाषेत नोंद केली: 'जे पाणी आटावयाचे ते आटून उरलेले राहिले आहे. स्थिती समाधानकारक.' लगेच उपविभागाकडे रिपोर्ट. मागच्या बाबूने दोन वर्षांत एकही रिपोर्ट पाठवला नव्हता. फरक दिसेल.

६ मे, सोमवार. दुपार

जेवणाची सोय चंदाबाईंकडे झाली. साठीची बाई, तलावात मासे धरणाऱ्या सगळ्या घरांत त्यांचा शब्द शेवटचा. माझ्यासाठी वरणभाताची भांडी वेगळी ठेवली आहेत. आज विचारले, भात झाला का? म्हणाल्या, "शिजून राह्यला." म्हटले, शिजून राहिला असेल तर वाढा. वाढला. निम्मा तांदूळच. इकडे घाईत शिजवतात.

बाकी या बोलीत राहण्याला फार महत्त्व दिसते. जो तो येऊन राहतो, जाऊन राहतो. माणसे स्थिर वृत्तीची असावीत.

८ मे, बुधवार

मोठी बातमी. इथे दर वैशाखात 'उघडणी' नावाचा उत्सव असतो. तलावाचे पाणी उतरले की पुनवेनंतरच्या गुरुवारी सगळे गाव जाळी, टोपल्या घेऊन एकदम तलावात उतरते. आधी दोन दिवस जत्रा. पण पहिला पाय ठरलेल्या माणसानेच टाकायचा. तो टाकल्याशिवाय कुणी पाण्याला शिवत नाही.

हा पहिला पाय यंदा माझा!

केवळराम आला होता. जाळीवाल्यांचा म्होरक्या, बोलायला गोड. म्हणाला, "मालगुजाराच्या घरचा मान हाय हा. पयले त्यायच्या घरून निंगे. आता मालगुजारी गेली, ते नागपूरले गेले, तलाव सरकारचा झाला. मंग मान बी सरकारी मानसाचा. त्यात सगळ्यात नवं कोन? तुमीच." पुढे म्हणाला की सहा वर्षे हा मान कुणीच घेतला नाही, म्हणून तलाव रुसला आहे, मासळी येत नाही, पोरेबाळे अर्धपोटी राहतात. यंदाही नाही मिळाली तर चार घरे अहेरीला लाकूडकामावर जाणार.

मला भरून आले. मालगुजार म्हणजे इकडचा जमीनदार. आठ दिवसांत त्याची गादी! जुन्या काळी मालगुजार हत्तीवरून येत असेल. हत्तीचे विचारले. केवळराम म्हणाला, मालगुजार काहाले येईल, तो तर घरीच राहे. म्हणजे माझी उपस्थिती त्याच्याहून वरची ठरते.

अध्यक्षीय भाषण लिहायला घेतले. विषय: 'जल, जनता आणि जोड-राज्य'.

९ मे, गुरुवार

उपविभागाचे पत्र. मे महिन्यात पाणी समाधानकारक असलेला जिल्ह्यातला हा एकच तलाव, तरी डेप्युटी इंजिनियर साहेब गुरुवार, ता. १६ रोजी स्वतः पाहायला येत आहेत.

गुरुवार! उघडणीच्याच दिवशी! साहेबांपुढे माझा मान, माझे स्पीच. रिमार्क खिशात. दामले मास्तरांसाठी आतापासूनच गंभीर चेहरा ठेवावा.

संध्याकाळी सहज तलावावर गेलो. मधोमध गुडघाभर पाणी, बाकी चिखल आणि त्यात म्हशी. लटारूला झापले की पाणी राहिले म्हणाला होतास. तो म्हणाला, "तेच तं सांगितलं, आटून राह्यलं." पुन्हा तेच! शेवटी चंदाबाईंनी उलगडा केला की राह्यलं म्हणजे चाललं आहे. आटते आहे.

घाबरलो नाही. साहेबांना स्पीचमध्ये गुंतवून ठेवीन. पाने अकरा झाली होती, बावीस करावीत.

११ मे, शनिवार

मानाची तयारी जोरात. चंदाबाईंनी सुताने माझे मनगट मोजले. मग हळकुंडे मोजून बाजूला ठेवली. मी विचारले कशासाठी, तर म्हणाल्या, "पायाले लागते जी." मालगुजारी थाट म्हणजे थाट.

मग म्हणाल्या, "बाबू, तुमाले रडता येते का?"

सांगितले की प्रसंगाला सामोरे जाताना मी सहसा रडत नाही. सत्काराने गहिवरून जाईन अशी त्यांना भीती असावी. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, थोडंसं तरी रडावं लागते, नाई तं तलावाले बरं नाई वाटत. बघू म्हणालो. पुढाऱ्यांना असे करावेच लागते.

मासे: फक्त रस्सा. तोही भाताला लागला म्हणून. निश्चय कायम.

१४ मे, मंगळवार. जत्रेचा पहिला दिवस

लाकडी पाळण्यात बसलो. अधिकाऱ्याने लोकांत मिसळावे. पाळणा वर गेला तेव्हा तलाव, मोहाची झाडे, खाली रंगीबेरंगी लुगडी, सगळे दिसले आणि मी मोठ्याने ओरडलो. आनंदाने. खालचे लोक म्हणतात 'उतरवा' असे ओरडलो. पाळणेवाल्याला सहा फेऱ्यांनंतर ऐकू गेले.

जिलबी उत्तम. दुपारभर मांडवात दंडार पाहिली, नाच आणि नाटक एकत्र. राजा झालेला माणूस मधूनच उतरून विडी ओढून येत होता, प्रजा थांबत होती. पुण्यात असे मोकळे वातावरण नाही. फार मजा आली. इतका हसलो की शेजारची म्हातारी रुखमाबाई माझ्या पाठीवर थापट्या मारून म्हणाली, "सुखी दिसते बापा, नांदल."

मी कुठे नांदणार ते नीटसे कळले नाही. आशीर्वाद चांगला आहे.

मासे: एक तुकडा. भाषा समजायची तर आहार समजला पाहिजे. इंग्रजी: जत्रेनंतर.

१५ मे, बुधवार

थोडी अडचण. केवळरामला स्पीच वाचून दाखवले. चौथ्या पानाला त्याने हात जोडले आणि म्हणाला, एवढं नाई लागत, फक्त दोन ओळीत नाव घ्या. घेतले: भार्गव नरहर पोंक्षे. बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. स्वतःचे नव्हे म्हणे.

मग कुणाचे? केवळराम म्हणाला, "ज्याच्या घरचे तुमी, त्याचं."

म्हणजे खात्याचे. निष्ठेची शपथच ती, इकडे पद्यात घेतात. तासाभरात रचली. मला काव्याचे अंग आहे हे वत्सलेला अजून ठाऊक नाही.

१६ मे, गुरुवार. पहाटे ५

आज इतिहास. कोट घालून तयार. स्पीच आतल्या खिशात. चंदाबाई सात बायका घेऊन आल्या आहेत. हातात हळद, दोन हिरव्या बांगड्या आणि हिरवे लुगडे. उपरणे मिळाले नसावे.

त्याच दिवशी. संध्याकाळ

घडले तसे लिहितो.

पायांना हळद लावली. मनगटात बांगडी चढवली. एकच, कारण दुसरी फुटली. लुगड्याचा पदर कोटावरून डोक्यावर घेतला. उन्हासाठी असणार, डोके खरोखर गार राहिले. वाजतगाजत तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, नेले. बायका गाणी म्हणत होत्या, त्यात माझ्या नाकाचा उल्लेख वारंवार येत होता. पाहिले तर साहेबांची जीप येऊन उभी. साहेब पाळीवर हॅट घालून उभे. मी पदर सावरून नमस्कार केला. त्यांनी मला ओळखले नाही.

काठावर तांदळाने भरलेली पायली. चंदाबाई म्हणाल्या, नाव घ्या. घेतले:

तलावाच्या पाळीवर मोहाचा सडा,
पाटबंधारे खात्याचं नाव घेतो, वाट माझी सोडा.

काय तो जल्लोष! साहेबांनी हॅट काढली. आदराने की घाम पुसायला, नक्की सांगता येत नाही.

मग म्हणाल्या, उजव्या पायानं हळूच लवंडा. हळूच हा शब्द ढोलात ऐकू आला नाही. शाळेत मी फुटबॉलच्या टीममध्ये होतो. मारली. पायली साहेबांच्या कानाजवळून गेली आणि तलावात मधोमध पडली. तांदूळ सगळीकडे. त्याच वेगाने मीही गेलो.

मांडीपर्यंत रुतलो. स्पीच काढावे म्हणून खिशात हात घालतो तोच तांदळावर मासे धावून आले. शेकडो. पायांना, पोटऱ्यांना. एकाचा काटा टाचेत घुसला आणि मी बोंब ठोकली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. काठावर चंदाबाईंनी हात वर करून गर्जना केली, "रडली वं, रडली!" आणि सगळे गाव जाळी घेऊन माझ्याभोवती तलावात पडले.

'रडली' का म्हणाल्या? बोलीत लिंगाचा घोटाळा दिसतो.

त्या गोंधळात साहेबांनी पाळीवरून ओरडून विचारले, पाणी किती आहे? मी सत्य तेच सांगितले, "मांडीपर्यंत, सर." एवढाच काय तो संवाद. स्पीचची बावीसही पाने भिजली. एका पानावर टोपलीत मासे ठेवलेले पाहिले.

मासळी इतकी निघाली की टोपल्या पुरेनात, लुगड्यांचे ओचे भरले. केवळराम रडत होता आणि हसत होता. जो तो माझ्या पायाला हात लावून म्हणत होता, "पायगुन, पायगुन." चार घरांची अहेरीला निघालेली बोचकी सुटली. हे पाहून मला खरोखर आनंद झाला. काटा मात्र अजून टाचेत आहे.

मासे: मोजले नाहीत.

१७ मे, शुक्रवार

लिहिले होते ना! साहेबांचा रिमार्क, लटारूने रेस्ट हाऊसवरून आणला: 'कर्मचारी स्वतः पाण्यात उतरून, देहाने खोली मोजतो. असा कारकून सर्व्हिसमध्ये पाहिला नाही. जनतेशी पूर्ण एकरूप.' पायलीबद्दल अवाक्षर नाही. मोठा माणूस.

बदलीचा अर्ज रिमार्कसकट धाडला. दामले मास्तरांना सविस्तर पत्र. सगळे वर्णन लिहिले, मालगुजारी मान, हळद, हिरवी बांगडी, पदर, पायली, नाव कसे घेतले ते कवितेसह. वत्सलेने वाचावे म्हणून अक्षर जपून काढले.

२७ मे, सोमवार

केवळराम आणि मंडळी एक अर्ज घेऊन आली. खाली दोनशे बारा अंगठे. लटारू म्हणाला, "तुमच्यासाठीच हाय, बाबू. सायबाले धाडा."

म्हणजे माझी भलावण. बदलीला जनतेचाही पाठिंबा. डोळे पाणावले. स्वतःची स्तुती स्वतः वाचू नये, म्हणून न वाचताच 'जोरदार शिफारस' लिहून शिक्का मारला. घाई व्हावी म्हणून लटारूला सायकलवर सावलीच्या पोस्टात पाठवले.

सामान बांधायला काढले. चंदाबाईंनी विचारले, कुठी चालले? गूढ हसलो.

३ जून, सोमवार

आज टपाल नाही. ट्रंकेला दोरी बांधून ठेवली. कपडे ट्रंकेत असल्याने लुंगीवर ऑफिस केले.

८ जून, शनिवार. दुपारी ३

ऑर्डर आली. शब्दशः उतरवतो.

'हिवरडोह ग्रामस्थांच्या अर्जात नमूद केल्यानुसार, मालगुजाराच्या घरच्या नव्या सुनेने तलावात पहिला पाय टाकण्याची तेथील रीत असून, तलाव सरकारजमा झाल्यापासून सदर कर्मचारी ही सरकारतर्फे आलेली पहिलीच सून होय. सून माप ओलांडून आली, तिचा पायगुण उत्तम ठरला, आता ती परत धाडल्यास तलाव रुसेल, ही ग्रामस्थांची भीती रास्त वाटते. सदर कर्मचाऱ्याने स्वतः या अर्जाची जोरदार शिफारस केली आहे. सबब बदलीचा अर्ज निकाली काढून त्यांस हिवरडोह येथे कायम करण्यात येत आहे.'

लटारूला बोलावले. विचारले, सून कोण? म्हणाला, "तुमीच ना जी. काऊन, तुमाले मालूम नोतं?"

मालूम होते म्हणालो.

थोड्या वेळाने विचारले, माझ्या ऑफिसच्या कामाबद्दल अर्जात काही आहे का? त्याने विचार केला. म्हणाला, "काम तं कोनी बी करते, बाबू. पन मासोई तुमच्याच पायाले येते."

त्यानंतर ट्रंकेवर बराच वेळ बसून होतो. वाईट वाटले. इथे खोटे लिहून उपयोग नाही, फार वाईट वाटले. जुलैची जागा गेली. पण ऑर्डर म्हणजे शेवट नव्हे. साहेबांना समक्ष भेटीन. मुंबईला लिहीन. सून वगैरे अंधश्रद्धा आहे हे बावीस पानांत सिद्ध करीन. आणि वत्सलेला माझी बाजू पटेल. तिने माझे पत्र वाचले असेलच. दामले मास्तर कडक आहेत, पण सुशिक्षित आहेत. रीतिरिवाजाचा योग्य अर्थ लावतील.

१० जून, सोमवार

दामले मास्तरांचे कार्ड.

'आपले पत्र पोचले. घरात सर्वांनी वाचले, वत्सलेने दोनदा. हळद लागली, चुडा भरला, पदर आला, माप ओलांडले, उखाणाही झाला. आता आमच्याकडून करण्यासारखे काही उरले नाही. वत्सलेचे स्थळ साताऱ्यास पक्के झाले आहे. दिल्या घरी सुखी राहा.'